जवसाचं तेल, लाखेचा लाल

गोंदिया जिल्ह्यातल्या आमगावच्या माझ्या घरात उत्तरेच्या खिडकीपाशी ज्येष्ठ महिन्यापासून एक टेबल मांडलेलं आहे आणि त्याला कोणी हात लावायचा नाही, अशी सगळ्यांना ताकीद आहे. टेबलावर पांढरं मांजरपाट अंथरलं आहे. त्यावर आजीचा पितळी गडवा, भंडाऱ्याच्या कासारानं घडवलेला. शेजारी काचेची बरणी, निम्मी जवसाच्या तेलानं भरलेली. मातीच्या परळात मूठभर जवस. गेल्या हंगामातल्या धानाच्या चार लोंब्या. आणि लाखेनं मढलेली पळसाची एक काडी. या पाच वस्तूंचं स्थिरचित्र मी तेलरंगात करतो आहे, जुन्या पद्धतीनं, थरावर थर देत. एक थर वाळल्याशिवाय दुसरा द्यायचा नाही. त्यामुळे पावसाळा आला आणि गेला, तरी चित्र अजून ओलंच म्हणायचं.

एकतीस वर्षं मी शाळेत चित्रकला शिकवली. त्या वर्षांत माझ्या हाताखालून कितीतरी मुलं इंटरमिजिएट ग्रेड परीक्षेला बसली. एलिमेंटरीला वस्तुचित्र, इंटरमिजिएटला स्थिरचित्र. बादली, तांब्या, वांगी, मागे घडी पडलेला कपडा, आणि समोर घड्याळ. मुलं रंगवायची, पास व्हायची, पण हा विषय बाहेरून आलेला आहे ही भावना त्यांच्या मनातून कधी गेली नाही. माझ्याही मनातून बरीच वर्षं गेली नव्हती. पुस्तकातली स्थिरचित्रं बघावीत तर सफरचंदं, द्राक्षं, चांदीचे पेले, सोललेलं लिंबू. सतराव्या शतकातल्या हॉलंडमध्ये विलेम काल्फ, पीटर क्लास यांनी असली टेबलं रंगवून रंगवून पूर्णत्वाला नेली. तेलरंग ही साहेबानं आणलेली वस्तू आणि आपण ती उशिरा शिकलो, असंच आम्हाला सांगितलं गेलं होतं.

अर्धं खरं आहे ते. शिकण्याची पद्धत बाहेरून आली. पण ज्या मालापासून ते चित्र उभं राहतं, त्यातला महत्त्वाचा माल आमच्यासारख्या मुलखातून बाहेर गेला होता, त्यातला काही तर ही चित्रपद्धत इथे यायच्या कितीतरी आधी. हे मला निवृत्तीनंतर, स्वतःच्या हातानं तेल धुताना आणि लाख कुटताना कळलं. ते लिहून ठेवावं म्हणून हा प्रपंच.

सुरुवात कापडापासून. चैत्रात सागाच्या चौकटीवर कापड ताणलं. सरस रात्रभर भिजत घालून दुसऱ्या दिवशी मंद आचेवर विरघळवला आणि त्याचे दोन हात दिले. हा सरस कशासाठी, तर तेल थेट धाग्याला लागू नये म्हणून. तेल लागलेलं कापड काही वर्षांनी कुजतं, बोटानं फाटतं. सरसावर जवसाच्या तेलात कालवलेल्या सफेत्याचं पातळ अस्तर. जुना सफेता शिशाचा असे. त्याचा थर चिवट आणि सुंदर, पण विषारी. मी टिटॅनियमचा वापरतो. चैत्र-वैशाखाच्या आमच्या उन्हात अस्तर चांगलं वाळलं. मग टर्पेंटाईननं पातळ केलेल्या तपकिरी रंगाचा एक हात देऊन चिंधीनं पुसून घेतला, म्हणजे पांढऱ्या कापडाची धग मोडली. पांढऱ्यावर थेट काम केलं तर पहिला फटकारा कोळशासारखा काळा दिसतो आणि डोळा फसतो.

सरस, ताणलेलं कापड, चिंधी हे सगळं मला ओळखीचं होतं ते मामांमुळे. माझे मामा झाडीपट्टीतल्या नाटकांचे पडदे रंगवायचे. दिवाळी झाली, धान घरात आलं, की गावोगाव मंडई भरते. कुठे शंकरपट, कुठे दंडार, आणि रात्रभर नाटक. त्या नाटकांना दरबाराचा पडदा हवा, जंगलाचा हवा, रस्त्याचा हवा. मामा अंगणात कापड पसरून, पुडीचे रंग गरम सरसात कालवून, गुडघ्यावर बसून रंगवत सरकत जायचे. मी दहा वर्षांचा असताना माझं काम एकच होतं, सरसाचं भांडं निखाऱ्यावर कोमट ठेवायचं. थंड झाला की घट्ट होतो, उकळला की चिकटपणा जातो. मामा आधी गडद रंग पसरवत, मग मधला, आणि शेवटी उजेडाचे फटकारे. दरबाराच्या खांबावर शेवटचा पांढरा फटकारा ओढला की तो सपाट खांब गोल व्हायचा. ते बघताना मी भांडं ढवळायचं विसरायचो. पडदा दोन दिवसांत तयार, कारण तिसऱ्या दिवशी प्रयोग असे. कंदील आणि पेट्रोमॅक्सच्या उजेडात पन्नास हातांवरून दिसायला हवा, एवढीच अट. मामांना कोणी कलावंत म्हटलं नाही. पेंटर म्हणत.

तेलरंगाचं गणित नेमकं उलटं. तिथे घाई हाच दोष.

हे मी नागपुरात शिकायला होतो तेव्हा, 1979 साली, स्वतः भोगलं. एका पितळी घागरीचं चित्र काढायला घेतलं होतं. मागची बाजू खोल, चकचकीत काळी हवी म्हणून हार्डवेअरच्या दुकानातून बेलतेल, म्हणजे उकळलेलं जवसाचं तेल, आणलं आणि रंगात सढळ हातानं ओतलं. तो थर वरून कोरडा लागला तसा त्यावर टर्पेंटाईन घातलेला पातळ, फिका रंग चढवला. चित्राचं कौतुक झालं. दोन उन्हाळे गेले आणि त्या घागरीच्या अंगावर भेगा पडल्या, अगदी वैशाखातल्या धानाच्या बांधीसारख्या. चूक माझी होती. खालचा तेलकट थर महिनोन् महिने आत हलत राहतो आणि वरचा रुक्ष थर केव्हाच ताठ झालेला असतो. खालचा हलला की वरचा फाटतो. म्हणून जुन्यांचा नियम असा की खाली रुक्ष, वर स्निग्ध. प्रत्येक वरच्या थरात तेल थोडं जास्त. ते चित्र मी अजून ठेवलं आहे. मुलांना नियम तोंडी सांगण्यापेक्षा त्या भेगांवरून बोट फिरवायला देत असे.

आपल्याकडे हे शिक्षण आलं कसं, त्याची पायरी पायरी मला सांगायची आहे, पण थोडक्यात. जेम्स वेल्स हा स्कॉटिश चित्रकार 1791 मध्ये मुंबईला उतरला आणि पुढच्या वर्षी पुण्याला गेला. सवाई माधवराव आणि नाना फडणवीस यांचं त्यानं केलेलं तेलचित्र प्रसिद्ध आहे. ब्रिटिश वकील चार्ल्स मॅलेट यांच्या पुढाकारानं शनिवारवाड्यात एक चित्रशाळा निघाली आणि तिथे गंगाराम तांबट नावाचा मराठी माणूस पाश्चात्य पद्धतीचं रेखाटन शिकला. वेल्स 1795 मध्ये वारला, त्याच वर्षी सवाई माधवरावही गेले, आणि ती शाळाही विरून गेली. त्यानंतर थेट जमशेटजी जीजीभॉय. त्यांनी 1853 मध्ये एक लाख रुपये देऊ केले आणि 1857 मध्ये मुंबईत त्यांच्या नावाची कलाशाळा सुरू झाली. तिकडे त्रावणकोरच्या दरबारात 1868 च्या सुमारास तरुण रविवर्मा थिओडोर जेन्सन या युरोपीय चित्रकाराला रंगवताना नुसतं बघत बसत होते. शिकवायला कोणी तयार नव्हतं. रंग कसा कालवायचा, तेल किती घालायचं, कोणता थर आधी, हे त्यांनी बघून आणि चुकून मिळवलं. कोल्हापूरचे महादेव विश्वनाथ धुरंधर 1890 मध्ये जे. जे.त दाखल झाले आणि पुढची एकेचाळीस वर्षं त्या वास्तूशी बांधलेले राहिले. सांगाड्यावरून, प्लास्टरच्या पुतळ्यांवरून, मांडलेल्या वस्तूंवरून अभ्यास करायचा ही शिस्त त्यांच्या पिढीनं अंगात मुरवली. आमच्या ग्रेड परीक्षांची मुळं त्याच आवारात आहेत. 1965 मध्ये कला संचालनालय झालं आणि परीक्षा त्याच्याकडे आल्या. सातारा जिल्ह्यातल्या औंधला, बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी उभारलेल्या संग्रहालयात, मी एकदा मुद्दाम गेलो होतो. रविवर्मा आणि धुरंधर यांची चित्रं तिथे हातभर अंतरावरून बघता येतात. लांबून साडी दिसते, आणि जवळ गेलं की खालचा तपकिरी थर सावलीतून श्वास घेताना दिसतो. छापील चित्रात तो मरतो.

आषाढात मी करडं चित्र केलं. म्हणजे सगळं चित्र फक्त काळ्या-पांढऱ्या-तपकिरीत. रंग नाही, नुसता उजेड आणि अंधार. युरोपातले जुने चित्रकार याला मृत रंगाचा थर म्हणत. गडवा राखेतून काढल्यासारखा, लोंब्या भुतासारख्या. शेजारच्या मुलीनं बघून विचारलं, "आजोबा, पितळ कुठं आहे?" तिला सांगितलं, अजून यायचं आहे. या थरात रंगाची भुरळ नसते, त्यामुळे आकार खोटा असेल तर लपत नाही. गडव्याचा काठ मला तीनदा पुसावा लागला. लंबवर्तुळ हे स्थिरचित्राचं नाक आहे. ते बसलं नाही तर बाकी कितीही सुंदर करा, चेहरा चुकतो.

आता जवस.

आमच्याकडे धान कापायच्या दोन-तीन आठवडे आधी, बांधीत ओल असतानाच, उभ्या धानात जवस किंवा लाखोरी फेकतात. नांगर नाही, वखर नाही. धान कापून नेईपर्यंत खाली कोवळं रोप उभं असतं आणि उरलेल्या ओलीवर वाढतं. पौषात त्या बांध्या निळ्या होतात. सकाळी फूल उमलतं, दुपारपर्यंत पाकळ्या गळतात. ज्यानं ती निळाई बघितली नाही त्यानं गोंदिया जिल्हा पुरता बघितला नाही, असं मी म्हणेन, मग त्यानं नागझिरा बघितलेला असो की नवेगावबांध. घरात जवसाची चटणी, भाजीत जवसाचं तेल. लहानपणी त्या तेलाचा वास मला आवडत नसे. आज तो वास मला चित्राचा वास वाटतो.

जवसाच्या तेलाचा गुण असा की ते वाळतं. तिळाचं, शेंगदाण्याचं तेल काचेवर लावून ठेवा, महिन्यानंही बोट बुडेल. जवसाचं तेल चार-सहा दिवसांत काचेवर कातडी धरतं. पाणी उडून जातं तसं हे तेल उडत नाही. ते हवेतला प्राणवायू घेतं आणि आतून जुळत जातं. द्रवाचा घन होतो. रंगाची पूड त्यात अडकून कायमची थांबते. तेलचित्राची सगळी किमया एवढ्या एका गुणावर उभी आहे.

हे पहिल्यांदा कुणाला सुचलं? व्हासारी या इटालियन लेखकानं सोळाव्या शतकात ते श्रेय फ्लँडर्सच्या यान व्हान आइकला देऊन टाकलं आणि शाळेच्या पुस्तकांत तेच राहिलं. पण बाराव्या शतकातला थिओफिलस नावाचा साधू जवसाच्या तेलात रंग घोटायची कृती लिहून गेला आहे. प्रत्येक थर वाळेपर्यंत थांबावं लागतं आणि माणसाचं चित्र काढताना ते फार कंटाळवाणं होतं, अशी त्याची तक्रारही आहे. नऊशे वर्षांपूर्वीची ती तक्रार वाचली तेव्हा मला तो माणूस घरचा वाटला. आणि 2008 मध्ये तर बामियानच्या बौद्ध लेण्यांतल्या चित्रांची तपासणी प्रसिद्ध झाली. सातव्या शतकाच्या सुमाराच्या त्या भिंतींवर वाळणाऱ्या तेलाचे थर सापडले. अजिंठ्याच्या चित्रकारांसारखेच तेही बौद्ध लेण्यांचे चित्रकार.

एकोणिसाव्या शतकात आमच्या जवसाला वेगळेच पाय फुटले. नागपूरहून छत्तीसगढकडे 1880 च्या दशकात रेल्वे आली. आधी अरुंद रुळांची, मग 1887 मध्ये स्थापन झालेल्या बंगाल-नागपूर रेल्वेनं ती घेऊन रुंद केली. पुढे सातपुड्यातून जबलपूरकडे छोटी गाडी निघाली आणि गोंदिया जंक्शन झालं. मध्य प्रांताचं धान्य आणि गळिताचं बी पोत्यांत भरून मुंबईच्या बंदराकडे जाऊ लागलं. त्यात जवस मोठा होता. इंग्लंडला जवस हवा होता तो खायला नव्हे, रंगाला. गिरण्या, जहाजं, घरांची दारं, सगळ्यांना तेलरंगाचे हात लागत होते. 1860 च्या दशकात तिथे लिनोलियम निघालं, म्हणजे जवसाच्या तेलाचीच जमीन. त्याआधीच चित्रकारांच्या पेठेतही क्रांती झाली होती. जॉन रँडनं 1841 मध्ये कथलाची दाबायची नळी काढली आणि घोटलेला तेलरंग नळीत भरून विकता येऊ लागला. पुढे अर्जेंटिनाचा जवस बाजारात आला आणि आमचा मागे पडला. पण काही दशकं तरी असं होतं की धान कापलेल्या बांधीतलं बी समुद्र ओलांडून जाई, तिथे त्याचं तेल निघे, आणि त्या तेलात घोटलेला रंग नळीत बसून परत मुंबईच्या कलाशाळेत येई. विद्यार्थी ती नळी विलायती म्हणून जपून वापरत.

मी तेल आमच्याच भागातल्या लाकडी घाण्यावरून आणलं. कच्चं तेल चिकट, पिवळं, त्यात गाळ. जुन्या कृतीप्रमाणे ते कोमट पाण्यात आणि मिठात घुसळून धुतलं. पाणी खाली बसतं, मधे पांढरट साका धरतो, तेल वर. साका काढून टाकायचा. असं सहा वेळा. मग रुंद तोंडाच्या बरणीत भरून, तोंडाला मलमल बांधून गच्चीवर ठेवलं. चैत्र-वैशाखाच्या उन्हात दीड महिन्यात ते मधासारखं दाट आणि फिकट सोनेरी झालं. मी रोज सकाळी बरणी हलवत असे. टेबलावर जी बरणी मांडली आहे ती हीच. चित्रातलं तेल आणि चित्राचं तेल एक आहे.

श्रावणात मधला थर दिला, वस्तूंचे खरे रंग. यलो ओकर, अंबर, थोडा काळा, सफेता. पितळ आलं. त्या महिन्यात हवेत एवढी ओल की थर वाळता वाळेना. म्हणून चित्र भिंतीकडे तोंड करून ठेवलं आणि पंधरा दिवसांनी वळवलं तर कपड्याचा पांढरा पिवळसर झालेला. घाबरण्यासारखं नव्हतं. जवसाचं तेल अंधारात पिवळं पडतं आणि उजेडात ठेवलं की उतरतं. खिडकीशी ठेवल्यावर आठवड्यात उतरलं.

राहिली लाख, आणि तिच्यासाठीच मी एवढं सगळं लिहिलं.

गोंदिया हे नाव गोंदावरून पडलं, अशी एक उपपत्ती आमच्याकडे सांगतात. जंगलातला गोंद आणि लाख इथे विकायला येत असे, हे तर खरंच. गोंद म्हणजे जलरंगाचा बांध, लाख म्हणजे पॉलिश. लाखेचा किडा पळसावर, बोरीवर आणि कुसुमावर वाढतो. कोवळ्या फांदीत सोंड खुपसून रस पितो आणि स्वतःभोवती राळेचं घर बांधतो. अशी हजारो घरं एकमेकांना चिकटली की काडीवर खडबडीत, तांबूस कवच चढतं. ती काडी लाख. खरवडून, कुटून, पाण्यात धुतली की दाणा लाख. ती कापडी थैलीत घालून विस्तवावर पिळली की चपडा. स्पिरिटमध्ये चपडा विरघळवून सुतार पॉलिश करतात. बांगड्या, दारांवरचे शिक्के, आणि 1950 च्या सुमारापर्यंत जुन्या ग्रामोफोनच्या तबकड्यासुद्धा लाखेच्याच होत्या.

पण हे सगळं राळेचं झालं. धुतल्यावर जे लाल पाणी निघतं, त्याचं काय?

सालेकसा भागातली एक आजी बाजाराला लाख घेऊन येते. तिला मी हेच विचारलं. ती म्हणाली, "ते पानी त फेकून देतात जी, गुरुजी. चपड्याले पैसा आहे, पान्याले कोन घेते?"

ते पाणी एके काळी राळेहून महाग होतं. भारतातली आणि ब्रह्मदेशातली लाख मध्ययुगापासून युरोपात जात होती, आणि जात होती ती मुख्यतः रंगासाठी. पंधराव्या-सोळाव्या शतकातल्या इटालियन चित्रांत, लाल मखमल आणि झगे जिथे आतून पेटल्यासारखे दिसतात तिथे, तपासणीत लाखेचा रंग सापडलेला आहे. गार्सिया द ओर्ता हा पोर्तुगीज वैद्य गोव्यात राहत होता. 1563 मध्ये गोव्यातच छापलेल्या आपल्या ग्रंथात त्यानं लाखेवर एक अख्खं प्रकरण लिहिलं आणि ती मुंग्या करतात असं सांगितलं. त्याच्यानंतर वीस वर्षांनी गोव्यात आलेल्या लिन्सखोटेन या डच माणसानंही लाखेची नोंद केली. त्याचं पुस्तक 1596 मध्ये हॉलंडमध्ये निघालं, त्या स्थिरचित्रवाल्यांच्या हॉलंडमध्ये. आणि शब्दच बघा. पाण्यात विरघळणारा रंग तुरटीनं पकडून त्याची पूड केली, की त्या जातीच्या सगळ्या रंगांना इटालियनमध्ये लाक्का आणि इंग्रजीत लेक म्हणतात. तो शब्द लाक्षेवरून निघालेला आहे. नळीवर मॅडर लेक, क्रिमसन लेक अशी नावं मी चाळीस वर्षं वाचत होतो आणि मला तळं आठवायचं.

मग 1856 मध्ये विल्यम पर्किननं डांबरापासून पहिला कृत्रिम रंग काढला. 1868 मध्ये जर्मनीत ग्रेबे आणि लीबरमान यांनी अलिझरिन बनवलं. पुढच्या काही दशकांत लाखेच्या रंगाचा व्यापार बसला. राळेला तबकड्यांची आणि पॉलिशची गिऱ्हाइकं मिळाली, रंगाला उरली नाहीत. लाल पाणी नाल्यात जाऊ लागलं. लाखेवर संशोधन करायला 1920 च्या दशकात रांचीजवळ संस्था निघाली, तोवर हा बदल होऊन चुकला होता.

मी आजीकडून पाव किलो लाख घेतली. कुटली. दोन लिटर कोमट पाण्यात चमचाभर धुण्याचा सोडा घालून रात्रभर ठेवली. उकळायचं नाही, राळ वितळून सगळं एकजीव होतं. सकाळी पाणी वांग्याच्या सालीसारखं जांभळं. मलमलीतून गाळलं आणि त्यात तुरटीचं पाणी हळूहळू ओतलं. फेस आला, आणि त्या फेसाखाली जांभळ्याचा लाल झाला. माझ्या डोळ्यांसमोर. रात्रीतून तो लाल तळाशी बसला आणि वर जवळजवळ नितळ पाणी राहिलं. चार वेळा धुवून सावलीत वाळवला तर दोन चमचे पूड निघाली. काचेवर जवसाचं तेल टाकून ती तासभर घोटली. नळीतल्या अलिझरिनपेक्षा हा लाल मऊ आहे, किंचित जांभळाकडे झुकणारा. तो एकदम ओरडत नाही. पातळ लावला आणि कडक उन्हात ठेवला तर फिका पडेल, हे मला माहीत आहे. चित्र उन्हात ठेवणार नाही.

हा रंग झाकत नाही. लाल काचेसारखा असतो. म्हणूनच त्याची जागा अगदी वरची, ग्लेझची. खालचा करडा थर उजेड-अंधार सांभाळतो, मधला थर वस्तूला अंग देतो, आणि हा वरून नुसता ओढायचा, विड्याच्या पानावरच्या चुन्याइतका पातळ. उजेड त्यातून आत जातो, खालच्या फिक्या रंगावर आपटतो आणि लाल होऊन परत येतो. दोन वेळा गाळलेला उजेड. ते आतून पेटणं म्हणजे हेच. एका थरात होत नाही. भाद्रपदात मी गडव्याच्या पोटावर, जिथे लाखेच्या काडीचं प्रतिबिंब पडतं, तिथे पहिला हात दिला. दहा दिवसांनी दुसरा. पितळेवर तांबूस ओल चढली.

टेबलावरची काडी जुनी होती, राळ काळवंडलेली. शेवटच्या हाताआधी ताज्या लाखेचा रंग डोळ्यांसमोर हवा म्हणून मी आजीला ताजी काडी आणायला सांगितलं. आश्विनाच्या शेवटी तिनं पळसाची एक फांदी आणून दिली, कातकीच्या म्हणजे कार्तिकाच्या पिकातली, कवच भरलेली. मी जुनी काडी उचलली आणि नवी त्याच जागी, त्याच कोनात ठेवली. सगळं जमून आलं होतं.

चार दिवसांनी सकाळी खिडकी उघडली तर मांजरपाटावर काडीच्या खाली लाल भुकटी सांडलेली. मला वाटलं, माझ्याच हातानं पूड सांडली. चिंधी घेऊन वाकलो. भुकटी हलत होती.

चष्मा लावून बघितलं. राईच्या दाण्याहूनही कितीतरी बारीक, लालभडक जीव, शेकड्यांनी कवचातून निघून कापडावर पसरत होते, लोंब्यांवर चढत होते, गडव्याच्या बुडाशी घुटमळत होते. आजीनं मला बियाण्याची काडी दिली होती. पिल्लं फुटायची वेळ आली होती आणि ती कोवळी डहाळी शोधत होती, माझ्या मांजरपाटावर. तो लाल, जो मी सोडा आणि तुरटी घालून रात्रभर बसून काढला होता, तोच पाय फुटून चालत होता.

काडी कापडासकट उचलली. टेबलावरची मांडणी मोडली, पाच महिन्यांत पहिल्यांदा. घरामागच्या बांधावर पळस आहे. त्याच्या दोन कोवळ्या फांद्यांना ती सुतळीनं बांधली, कापड खाली धरून झटकलं नाही, फांदीलाच टेकवून ठेवलं. दुपारपर्यंत लाल रेघा फांदीवर वर सरकल्या आणि थांबल्या. बाजारच्या दिवशी आजी भेटली. ती म्हणाली, "तीन आठवडे राहू द्या जी. मंग खाली काडी सोडून आना. तिले फुंकी म्हनतात."

आज अकरावा दिवस आहे. गडवा, बरणी, परळ आणि लोंब्या मी खडूच्या खुणांवर परत मांडल्या आहेत. काडीची जागा मोकळी आहे. चित्रातल्या काडीवर लाखेचा शेवटचा हात राहिला आहे, आणि घोटलेला रंग हवा लागू नये म्हणून पाण्याखाली ठेवला आहे.